काश्मीरऐवजी भांडुप

यंदा आम्ही काश्मीरला जाणार होतो. बॅगा माळ्यावरून खाली आल्या होत्या, लोकरीचे मोजे घेऊन झाले होते आणि तेवढ्यात माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. डॉक्टरांनी काश्मीर रद्द करून केमो लिहून दिली. प्रवासाची हौस मात्र कुठल्या डॉक्टरला रद्द करता येत नाही. सोमवारी पहिली केमो होती, म्हणून त्याआधीच्या शनिवारी मी अंधेरीहून भांडुपला जाऊन आले. त्याचीच ही हकिगत.

जायचं कारण असं, की बातमी कळल्यापासून आमच्या घरी रडायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. नणंद रडली, समोरच्या शहाबेन रडल्या, भिशीच्या बायका तर दोन तुकड्यांत येऊन रडून गेल्या. प्रत्येकीला मी पाणी द्यायचे, पाठीवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "काही होत नाही गं मला." पहिला नंबर अर्थात आमच्या ह्यांचा. बँकेत कडक साहेब म्हणून गाजलेला हा माणूस मी समोर आले की चष्मा काढून डोळे पुसायला लागे. तीन आठवडे मी सगळ्यांना धीर देत होते, आणि मला स्वतःला घाबरायला घरात एक कोपरा उरला नव्हता. हॉस्पिटलमधल्या समाजसेविकेने ते ओळखलं असावं. तिने एका चिठ्ठीवर भांडुपचा पत्ता लिहून दिला आणि म्हणाली, "पेशंटच जमतात तिथे. एकदा जाऊन या."

हे बरोबर निघालेच. मेट्रोत बसल्यावर म्हणाले, "मीही वर येतो गं."

"अजिबात नको. तुम्ही रडाल आणि सगळे पेशंट मिळून तुमची समजूत काढत बसतील."

हे त्यांना पटलं. घाटकोपरला स्टेशनाखालच्या उडप्याकडे त्यांना बसवलं आणि मी रिक्षा धरली.

रस्ता ठिकठिकाणी खोदलेला होता, त्यामुळे रिक्षावाल्याला गप्पा मारायला भरपूर वेळ मिळाला. "कशाची सभा आहे, ताई?" चिठ्ठीवरचा हॉलचा पत्ता वाचून त्याने विचारलं. आमच्या बिल्डिंगमध्ये या आजाराला आम्ही 'ते' म्हणतो, तेही लिफ्टचं दार बंद झाल्यावर. मी म्हटलं, "आरोग्याची." टेकडीच्या पायथ्याशी रस्ता संपला तेव्हा त्याने मान बाहेर काढून एका कोळणीला विचारलं, "ओ मावशी, ही आरोग्याची सभा कुठे असते?"

"आरोग्याची कसली? कॅन्सरवाल्यांची बोल ना!" बांगडा साफ करता करता ती ओरडली. "वर मंडळाच्या हॉलमध्ये. नळापासून डावीकडे. माझा पण होऊन गेला, दोन वर्षं झाली. सांभाळून चढ हां, पायऱ्या ओल्या आहेत!"

सगळी गल्ली माझ्याकडे वळून बघायला लागली आणि दोन क्षणांत आपापल्या कामाला लागली. तीन आठवडे जे मी वॉचमनपासून लपवलं होतं, ते इथे नळावरच्या बायकांनाही कळलं. मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. चढण दमवणारी होती. वर पोचल्यावर एका बाजूला डोंगराची हिरवी कड दिसली, दुसऱ्या बाजूला निळ्या ताडपत्र्या घातलेली छपरं. दल सरोवर नव्हतं, पण पाण्याच्या टाक्या पुष्कळ होत्या.

हॉलमध्ये दहा-बारा माणसं चटईवर बसून घावणे (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं खात होती. नाव विचारायच्या आधी माझ्या हातात ताटली आली. देणाऱ्या कांबळेबाई पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, डोक्यावर नव्याने उगवलेले बोटभर केस. "केमो कधी? सोमवारी? मग पोटभर खाऊन घ्या, नंतर सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं," त्या म्हणाल्या. इतकं खरं माझ्याशी कोणी बोललंच नव्हतं. मी दोन घावणे जास्त खाल्ले.

मग परबनाना उभे राहिले. ते मूळचे मालवणकडचे, घशाचं ऑपरेशन झालेले. आवाज म्हणजे नुसती खरखर. त्यांनी हात जोडून गाऱ्हाणं (देवापुढे मोठ्याने मांडायचं मागणं) सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज अंधेरीसून एक बाय इली आसा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. नानांच्या वाटचा आवाजही जणू तेच सगळे काढत होते.

"सोमवारी तिची पयली केमो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

कांबळेबाई माझ्या कानाशी लागल्या. "मी बौद्ध. देवबीव मानत नाही. पण ओरडते. छाती मोकळी होते."

"तिका काय व्हया ता तिच्याच तोंडान आयक रे म्हाराजा!" म्हणत नाना माझ्याकडे वळले.

मी पदर सावरला आणि म्हटलं, "सर्वांना सुखी ठेव."

कोणी व्हय म्हटलं नाही.

"असलं नको," कांबळेबाई म्हणाल्या. "सत्कार नाही तुमचा. स्वतःचं बोला ना."

"माझे केस जाऊ नयेत."

"व्हय म्हाराजा!"

"नणंदेने आठवडाभर येऊ नये."

"व्हय म्हाराजा!" हे जरा जास्तच जोरात झालं. नणंदा सगळ्यांनाच असाव्यात.

"आणि मला भीती वाटते. दुपारी भांडी घासताना वाटते. मरायची वाटते."

"व्हय म्हाराजा!"

काही होणार नाही, असं एकानेही म्हटलं नाही. मी रडले, नाक गळेपर्यंत रडले. कोणी पाठीवरून हात फिरवला नाही. कांबळेबाईंनी ताटलीत आणखी सांबारं वाढलं आणि नाना पुढच्या माणसाकडे वळले. मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी घाटकोपरला हे उडप्याच्या दारातच उभे होते. माझे सुजलेले डोळे बघून त्यांचा हात चष्म्याकडे गेला. आम्ही वर फलाटावर येऊन बाकावर बसलो. मेट्रो उभीच होती. तीन आठवडे तोंडी बसलेलं वाक्य मी गिळून टाकलं आणि दुसरं म्हटलं.

"अहो, मला फार भीती वाटतेय."

त्यांचे डोळे भरले. मी त्यांची समजूत घातली नाही. मेट्रोची दारं बंद झाली, ती निघून गेली. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "कशाकशाची?"

मी सांगायला लागले. यादी मोठी होती. ते मध्ये एकदाही "काही होणार नाही" म्हणाले नाहीत, फक्त माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवून ऐकत राहिले. तीन गाड्या गेल्या. चौथी लागली तेव्हा मी उठायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"जाऊ दे ही पण," ते म्हणाले. "पुढे सांग."