ब्रेसलेटवाल्या ताई

"हाथ में जो भी है, निकालो." परीक्षा केंद्राच्या गेटवरचा गार्ड एवढ्यानं ओरडला की पार आग्र्यापर्यंत लोकांनी अंगठ्या काढल्या असतील.

आमच्या हातांत मण्यांची ब्रेसलेट होती. दिल्लीत मुनिरकाच्या चहाच्या टपरीवर एक ताई रबरी दोऱ्यात मणी ओवत बसायच्या आणि यूपीएससी देणाऱ्या प्रत्येक मराठी पोराला एक करून द्यायच्या. मनगटाचं माप घेताना राज्यघटनेचं एखादं कलम विचारायच्या. उत्तर चुकलं की काळा मणी. माझं ब्रेसलेट कोळशाची खाण होती. त्यांचं नाव कोणी विचारलं नाही. त्याही आमच्यासारख्याच परीक्षार्थी, एवढंच आम्ही धरून चाललो होतो.

ब्रेसलेट फेकवत नव्हतं आणि गेट बंद होत आलं होतं. गर्दीतून ताई पुढे आल्या. त्यांनी सगळ्यांची ब्रेसलेट आपल्या हातांत चढवली, अगदी खांद्यापर्यंत. शपथेवर सांगतो, कोपर वाकत नव्हतं.

संध्याकाळी बाहेर आलो, तर त्या तिथेच उभ्या राहून ज्याचं त्याला परत देत होत्या.

"ताई, आमच्यापायी तुमचा पेपर बुडाला की," मी म्हणालो.

"माझे अटेम्प्ट गेल्या वर्षीच संपले. हात पुढे कर."