हरकत असेल तर आत्ताच सांगा

एसीच्या बटणावर बोट ठेवून बाई विचारायच्या, "हरकत असेल तर आत्ताच सांगा. मागाहून ऐकून घेणार नाही." क्षणभर थांबायच्या आणि एसी बंद करायच्या. खिडकी उघडताना तेच, डब्यातली शेवटची चकली उचलताना तेच. तुमच्याही ऑफिसात अशी ठरलेल्या वाक्याची एखादी व्यक्ती असेल.

दोन हजार सालानंतरची काही वर्षं आम्ही दोघींनी सिंगापुरात आंग मो किओच्या एका कंपनीत शेजारी बसून सर्किट बोर्ड तपासले. बाई नगरच्या, मिशनच्या शाळेत वाढलेल्या ख्रिस्ती. इथे बेडोकला एका छोट्या मंडळीत प्रार्थनेला जायच्या. ती माणसं भलतीच कडक. ख्रिसमस पाळत नाहीत, कारण बायबलात तारीख दिलेली नाही. अंगावर सोनं नाही. रविवारी चूल नाही, शनिवारी शिजवलेलं गार खायचं.

"कंटाळा नाही येत?" मी विचारलं होतं.

"येतो की. पण सोमवारी दमून तुम्ही येता, मी नाही."

हरकतीचं ते वाक्यही मंडळीतलंच. लग्न हा त्यांच्यात संस्कार नव्हे, करार. आधी तीन रविवार सगळ्यांसमोर दोघांची नावं वाचतात आणि कुणाची हरकत आहे का विचारतात. माहीत असून गप्प बसणं हे पाप.

"म्हणजे मतदानच," मी म्हणाले. "आमच्याकडे बरं, मंगलाष्टकांच्या आवाजात हरकत घेतली तरी ऐकू येत नाही."

"म्हणून तर तुम्ही नंतर आयुष्यभर घेत बसता," बाई म्हणाल्या.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बाईंचं ठरलं. मंडळीतलाच एक तमिळ विधुर, मलेशियातल्या जोहोरहून रोज पूल ओलांडून यायचा, लिफ्ट दुरुस्त करायचा. बाई इथल्या पीआर, म्हणजे कायमच्या रहिवासी, तो नव्हता. लग्न कामाच्या दिवशी, नेहमीच्या कपड्यांत. जेवण नाही, चहा आणि केक.

कॅन्टीनमध्ये त्यांनी मला विचारलं, "तुमची काही हरकत?" या वेळी बटणावर बोट नव्हतं. त्या खरंच विचारत होत्या.

"माझी कसली हरकत? चांगलं झालं," मी म्हणाले.

त्याच आठवड्यात ईस्ट कोस्टला एका ओळखीच्या घरी हळदीकुंकू होतं. विषय निघाला. मी चमच्याने श्रीखंड ढवळत म्हणाले, "त्याला पीआर हवा असणार. नाहीतर पन्नाशीच्या बाईशी कोण कशाला लग्न करतंय?" सगळ्या हसल्या. मला त्या माणसाबद्दल काडीचीही माहिती नव्हती. मला फक्त हशा हवा होता, तो मिळाला.

मराठीत बोललेलं मराठीतच राहतं, असं आम्हा परदेशातल्या लोकांना उगाच वाटतं. घरच्या बाईची एक चिनी शेजारीण कौतुकाने येऊन बसली होती. आम्ही का हसलो, ते यजमानीणबाईंनी तिला हौसेनं इंग्रजीत सांगितलं. ती त्याच मंडळीतली निघाली.

तिसऱ्या रविवारी ती उभी राहिली. तिचं काही चुकलं नाही. तिच्या नियमाप्रमाणे तिला उभं राहणं भाग होतं. एका भारतीय बाईकडून ऐकलं, एवढंच तिने सांगितलं. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी त्या माणसाला कामाच्या पासाबद्दल, हेतूबद्दल विचारलं. त्याने सगळी उत्तरं दिली. मग ठरलं, जी हे मुळात बोलली तिने यावं, कशावरून बोलली ते सांगावं, नाहीतर शब्द मागे घ्यावा. तोवर लग्न थांबेल.

हे सगळं सोमवारी बाईंनीच मला सांगितलं, बोर्ड तपासता तपासता.

"सरळ रजिस्ट्रीत जाऊन करा," मी म्हणाले. "साक्षीदार म्हणून मी येते."

"साक्षीदार आहेत," बाई म्हणाल्या. "ज्यांच्यासमोर त्यांची मान खाली गेली, त्यांच्यासमोर वर यायला हवी. एका माणसाने येऊन दोन वाक्यं बोलायची आहेत."

बेडोक माझ्या घरापासून एमआरटीने वीस मिनिटांवर. मंडळीने चार रविवार वाट पाहिली. पहिल्या रविवारी मी पडदे धुतले. दुसऱ्या रविवारी मुलाची परीक्षा, खरं तर ती मंगळवारी होती. उरलेल्या दोन रविवारी काय केलं ते आठवत नाही. आठवण्यासारखं काही केलं असतं तर गोष्ट वेगळी.

पाचव्या रविवारी तो आला नाही. जोहोरलाच काम धरलं, असं बाईंनी कळवलं. "रागावले नाहीत ते," म्हणाल्या. "फक्त म्हणाले, त्या हॉलमध्ये मला पुन्हा बसवणार नाही." आणि मंडळी सोडून लग्न करणं बाईंना जमणारं नव्हतं.

त्यानंतर एसी बंद करताना त्या विचारेनाशा झाल्या. ऑफिसात कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्या रोज यायचं.

वर्षभराने त्या नगरला परत निघाल्या. शेवटच्या दिवशी टेबल पुसलं, फडकं घडी घालून खणात ठेवलं. खोलीत आम्ही दोघीच. एसीच्या बटणावर बोट ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगा," म्हणाल्या.

नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ थांबल्या.

"काही नाही," मी म्हणाले. "प्रवास सांभाळून करा."

"बरं," बाई म्हणाल्या आणि बटण दाबलं.