नेदाची गाडी आणि पिवळा दिवा

पिवळा दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा नेदा सासूला चर्चला सोडायला निघाली होती. घरापासून चर्च म्हणजे एक उतार, एक वळण आणि विहीर. पूर्वी सासू, म्हणजे सगळ्या घराची नोना, आजी लुक्रीत्सा, हे अंतर काठी टेकत, वाटेतल्या घरांची उणीदुणी काढत चालून जायची. पण नातवाने जर्मनीहून गाडी आणून दिल्यापासून तिचे गुडघे दुखू लागले होते.

"हे काय पेटलं?" मागच्या सीटवरून नोनाने विचारलं. नव्वदी उलटलेल्या या बाईला ताटातलं माशाचं हाड दिसत नसे, पण सुनेच्या पुढ्यात काय पेटलं ते बरोबर दिसायचं.

"काही नाही. दिवा आहे."

"काही नाही तर लागला कशाला?"

चर्चसमोर गाडी उभी राहिली आणि इंजिन आपोआप बंद झालं. डिझेल वाचावं म्हणून गाडी थांबली की ते स्वतःहून बंद होतं, हे तिने नोनाला दर रविवारी सांगितलं होतं. नोनाने दर रविवारप्रमाणे छातीवर क्रूसाची खूण केली.

"मेली बघ."

"मेली नाही, थांबलीय."

"तुझे सासरेही असेच थांबले होते. खुर्चीत. आम्ही आपलं म्हणतोय, बसलेत जरा."

गाडी उन्हाळ्यात आली होती. येर्को, नेदाचा एकुलता एक, श्टुटगार्टला खिडक्या बसवायचं काम करतो. फेरीबोटीतून ती पांढरीशुभ्र गाडी आमच्या बेटावर उतरवून तो थेट वरच्या गावात अंगणापर्यंत आला आणि सगळ्या गावासमोर विक्रेत्याच्या थाटात बोलायला लागला. "आई, ऐक. दोन लिटरचं डिझेल इंजिन. दीडशे घोड्यांची ताकद. आठ गिअर, आणि तू एकाला पण हात लावायचा नाहीस. चारही चाकांना जोर. लांबीला छोटी, आपल्या बोळात सहज वळते, पण बसायला उंच, तुझी कंबर नको वाकायला. सीट गरम होते. मागचं दार पाय हलवला की उघडतं."

विच्को, नेदाचा नवरा, चहूबाजूंनी फिरून आला. "दीडशे घोडे. आपल्या आज्याकडे एक गाढव होतं, तेही अर्धा दिवस बसूनच असायचं."

"बाबा, जोर बघा ना. खालूनच ओढते. चढावर पाय दाबावासुद्धा लागत नाही."

हे मात्र खरं होतं. बंदरापासून वरच्या गावापर्यंतचा रस्ता म्हणजे सापाने अंग टाकल्यासारखा चढ, आणि गाडी तो गुणगुणत चढायची. नेदाला ती आवडली होती. फक्त एकच झालं. गाडी येण्याआधी तिच्याकडे जुनी मोपेड होती, आणि मोपेडवर मागे बसायला कोणी मागत नसे.

बंदरावरच्या शाळेत ती स्वयंपाकीण. मुलं आता इतकी कमी झालीत की मोठी पातेली वर फडताळात पालथी पडून असतात, पण भांडी, फरशी, चूल सगळं तिच्या एकटीवरच आलेलं. दुपारी हात धुऊन ती गाडीपाशी यायची तेव्हा तिथे कोणीतरी उभं असायचंच. "नेदा, वरच जातेयस ना?" वरच जायचं होतं, कारण रस्ता एकच आहे आणि तो वरच जातो. मग वाटेत लूका काकांचा गॅस सिलिंडर, मग कोणाची तरी आई दवाखान्यातून, मग ऑलिव्हची पोती तेलाच्या घाण्यावर. मागची जागा पाचशे लिटरची आहे हे येर्कोने अंगणात मोठ्याने सांगितलं होतं, आणि गावाने ते लक्षात ठेवलं होतं. नोव्हेंबर आला तोवर नेदा संध्याकाळी गाडी बंद करून स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती बसून राहायची. आत गेलं की स्वयंपाक होता.

दिवा काही जाईना. नेदाने समुद्रापलीकडच्या स्प्लिट शहरातल्या तिहोमीर मेकॅनिकला फोन लावला. तो तोंडात घास घेऊन बोलत होता.

"डिझेल? बेटावर?" घास गिळल्याचा आवाज आला. "कोणी घेऊन दिली?"

"मुलाने."

"प्रेमाने?"

"प्रेमाने."

"मग काय बोलणार." तो थोडा वेळ चावत राहिला. "हे बघा ताई, धुराच्या नळीत एक जाळी असते. काजळी अडवते. जाळी भरली की गाडी ती काजळी स्वतः जाळून टाकते, पण त्याला धूर तापायला लागतो, भट्टीसारखा. तुम्ही किती लांब चालवता?"

"बंदर ते वरचं गाव."

"आणि सगळ्यात लांब?"

"तेच."

"मग ती बिचारी तापतच नाही. तापायला येते तोवर तुम्ही उतरता. तिला महामार्गावर न्या. अर्धा तास सलग. थांबायचं नाही, पाय काढायचा नाही, इंजिनचा काटा दोन हजाराच्या खाली येऊ द्यायचा नाही. मध्येच थांबलात तर केलेलं सगळं वाया."

"आणि नाही नेली तर?"

"पिवळ्याचा लाल होतो. मग ती चढावर अडून बसते, तुमच्या नवऱ्यासारखी. नवी जाळी म्हणाल तर आधी मुलाला फोन करा, मग मला."

मुलाला फोन करायचा नव्हता, हाच तर प्रश्न होता. नाताळला येर्को येणार होता. दोन वर्षं शनिवारी जादा काम करून त्याने ही गाडी घेतली होती. तो जिथे राहतो तिथे घरातून निघालं की महामार्ग. त्याच्या डोक्यात रस्ता म्हणजे तोच. आपण आईला जे दिलं ते आईच्या बेटावर चालतच नाही, हे त्याने त्या दिव्यात वाचावं, हे नेदाला नको होतं. तो आला की पहिल्यांदा किल्ली मागणार, हे तिला ठाऊक होतं. त्याआधी दिवा विझायला हवा होता.

शनिवारची सकाळची फेरीबोट ठरली. नेदाने फक्त विच्कोला सांगितलं, आणि विच्को संध्याकाळी कॅफेत बसतो.

आपल्या बेटावर स्प्लिटला कोणी स्वतःपुरतं जात नाही. जाणाऱ्याने सगळ्यांचं न्यायचं, सगळ्यांचं आणायचं, हे कोणी कोणाला शिकवत नाही. शुक्रवारी रात्रीच्या जेवणाआधीच दाराशी रांग लागली. लूका काकांना करवतीची साखळी हवी होती. "माझ्याच करवतीच्या दातांची हं, मागच्या वेळी विच्कोने आणलेली कपाटावर ठेवलीय, शोभेला." पाद्री डॉन याकोव्हना जाड मेणबत्त्या, पण लाल प्लास्टिकच्या नकोत, "त्या जत्रेतल्या दिसतात". नोनाला सपाता, मागून उघड्या, तपकिरी, पण काळ्या तपकिरी नव्हेत. नेदा सगळ्यांना हो म्हणाली. नाही म्हणायचं तर आधी बसून श्वास घ्यावा लागतो, आणि बसायला वेळ नव्हता.

सर्वात शेवटी दुकानवाली फानी आली, पिशवी घेऊनच. "मी पण येते. तू एकटी कशी जाशील इतक्या लांब? कंटाळून मरशील."

फेरीत दोन तास फानी बोलली. स्प्लिट, सोलिन, वर दुगोपोल्येचा घाट, तिथपर्यंतही ती बोलली. महामार्गाच्या तोंडाशी नेदाने टोलचं तिकीट घेतलं आणि पाय दाबला. गाडीने एकदम अंग मोकळं केलं. इतक्या महिन्यांत नेदाने तिचा पाचवा गिअरसुद्धा धड ऐकला नव्हता. आता सहावा, सातवा हळूच लागत गेले. घाई आवाजात कुठेच नव्हती. तिने बटण दाबून गिअर स्वतःकडे घेतला, एक खाली आणला, काटा दोन हजाराच्या वर नेऊन ठेवला.

"केवढी सुसाट," फानी म्हणाली. "माझ्या नणंदेचा जावई असाच चालवायचा. आता पायीच हिंडतो, परवाना काढून घेतला. ते बघ, ते नवीन दुकान. परत येताना थांबू. तिकडे पडदे चांगले मिळतात म्हणे. तुझे पडदे कधीचे गं? रागावू नकोस, पण ते आता पडदे नाहीत, फडकी आहेत. नेदा, मला जरा... पुढे जागा आहे ना थांबायला?"

"फानी, थांबायचं नाही म्हणालाय तो."

"अगं, त्याला काय जातंय. त्याने फेरीवरची कॉफी प्यायली नव्हती."

नेदा थांबली. फानी धावत गेली. गाडीचा पंखा जोरात घोंघावत राहिला, खालून तापलेल्या लोखंडाचा वास आला. नुकतंच पेटलेलं काहीतरी हळूहळू विझत गेलं. दिवा तसाच पिवळा. नेदा त्या दिव्याकडे बघत राहिली आणि तिच्या लक्षात आलं की डोळ्यांत पाणी आहे. रडायचं असं काही नव्हतं. नुसतं आलं.

फानी हात पुसत परत आली. "आता कुठे? पडदे?"

"पडदे," नेदा म्हणाली.

पुढच्या फाट्याला उतरून तिने गाडी उलटी फिरवली आणि दुगोपोल्येच्या त्या भल्यामोठ्या दुकानाच्या दारात उभी केली. इंजिन आपोआप बंद पडलं. फानी उतरली, आणि नेदा उतरत नाही हे बघून खिडकीशी वाकली.

"तू?"

"तू निवांत बघ. मी येते जाऊन."

"कुठे जाऊन?"

"रस्त्यावर."

"एकटी?"

"हो, एकटी." आपल्या तोंडून हे इतकं सरळ कसं निघालं याचं नेदालाच नवल वाटलं. "लूका काकांची साखळी मिळते का बघ तिथे. आणि सपाता. काळ्या तपकिरी नकोत."

काच वर गेली. फानीचे ओठ हलताना दिसत होते, आवाज येत नव्हता. खिडक्या चांगल्या जाडजूड होत्या. येर्कोने तेही सांगितलं होतं.

मग दक्षिणेचा रस्ता. डावीकडे उघडे खडक, उजवीकडे डोंगर, पुढे बोगदा, पुन्हा आभाळ. शनिवारचा रस्ता जवळजवळ रिकामा. नेदाने पाय एका जागी ठेवला आणि तो तिथेच ठेवून दिला. कोणी चढत नव्हतं, कोणी उतरत नव्हतं. कमरेखाली सीट गरम झाली तशी पाठ एकेक मणका करून सुटत गेली. शाळेची पातेली, घाण्यावरची पोती, नोनाचं जेवण, सगळं मागच्या काचेत लहान होत गेलं. ती काहीच विचार करत नव्हती. इतक्या वर्षांत सलग अर्धा तास एकच काम तिने कधी केलं होतं, ते तिला आठवेना.

दिवा कधी गेला ते तिने पाहिलंच नाही. एका बोगद्यातून बाहेर आली, खाली नजर टाकली, तर तिथे काळोख होता. आता पुढच्या फाट्याला वळायचं होतं. फाटा आला. मोठी निळी पाटी, बाण, सगळं व्यवस्थित. नेदाने तो जाऊ दिला.

बियोकोव्हो डोंगर समोर आला तेव्हा ती एका थांब्यावर वळली. सीट मागे केली. पाच मिनिटं, असं म्हणून डोळे मिटले.

फोनने उठवलं तेव्हा उन्हं उतरली होती.

"जिवंत आहेस का?" फानी शांतपणे बोलत होती, आणि ते वाईट लक्षण होतं. "मी इथे पडद्यांच्या ढिगाऱ्यावर बसलेय. इथल्या पोरीने मला दोनदा विचारलं, आजी, कोणी न्यायला येणार आहे का. आजी म्हणाली मला. माझ्याहून तू एका वर्षाने मोठी आहेस, नेदा. फेरी गेली आपली."

"गेली का," नेदा म्हणाली. तिच्या आवाजात पश्चात्ताप यायला हवा होता. तिने शोधला, पण तो अजून झोपेत होता.

रात्री त्या फानीच्या भाचीकडे जमिनीवर गादी टाकून झोपल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी फेरी बंदराला लागली तेव्हा अर्धं वरचं गाव धक्क्यावर उभं. लूका काकांनी साखळी उलटीपालटी करून पाहिली. "दात बरोबर आहेत," ते म्हणाले, जरा हिरमुसून. डॉन याकोव्हच्या मेणबत्त्या लाल प्लास्टिकच्याच निघाल्या. फानीला दुसऱ्या मिळाल्या नव्हत्या, आणि तिने ते असं सांगितलं की पाद्रीच माफी मागू लागले.

घरी नोना खुर्चीत बसली होती. तिने सपातांकडे बघितलंसुद्धा नाही. "काल मला विच्कोने अंडी करून घातली. एक कच्चं होतं, एक जळकं."

"दोन्ही खाल्लीस," विच्को दारातून म्हणाला. मग बाहेर येऊन नेदाच्या जवळ उभा राहिला. "गेला का दिवा?"

"गेला."

"येणार परत?"

"तिहोमीर म्हणतो, असंच चालवलं तर महिन्या-दीड महिन्यात येणार."

विच्कोने गाडीच्या टपावर हात ठेवला. बोलायचं असलं की तो आधी कुठेतरी हात ठेवतो. "अंडी मला जमतात तशी. पुढच्या वेळी आच कमी ठेवायची, एवढंच."

नाताळला येर्को आला, किल्ली घेतली, बंदरापर्यंत जाऊन आला. "मस्त चालतेय, आई. बघ, म्हणालो होतो ना." नेदाने त्याच्या ताटात कॉड मासा वाढला आणि होय म्हणाली.

जानेवारीतल्या एका रविवारी नोना मागच्या सीटवर बसली. नव्या सपाता पायात, एक उतार, एक वळण, विहीर. चर्चसमोर इंजिन आपोआप बंद झालं. नोनाने क्रूस केला.

"मेली बघ."

"थांबलीय, नोना."

नेदा मागचं दार उघडायला उतरली नाही लगेच. ती वाकून काट्यांच्या मधली ती जागा बघत होती. तिथे काही नव्हतं. तिने काच पुसून पुन्हा पाहिलं.

"काय शोधतेस? पेटलं का ते?" नोनाने विचारलं.

"नाही," नेदा म्हणाली. "अजून नाही."