खालीचा हात

ओल्या गालिच्याचा वास आला की कोरमंगल्यातल्या आमच्या कॉलेजची संगीतखोली आठवते. घरातून कॉलेजात पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे गायनवृंदात निवड व्हावी असं फार वाटत होतं. निवडचाचणीत ताल हाताने धरायला सांगितला, तेव्हा मी दादरा धरला: पहिल्या मात्रेला टाळी, आणि चौथीला, म्हणजे टाळी न वाजवायच्या ‘खाली’ला, आईच्या भजनी मंडळात धरतात तसा हात मोकळा झुलवला. “किसको टाटा कर रही हो?” वृंदप्रमुख मुलगी म्हणाली. सगळे हसले. हा दादरा आहे, मी चाचरत सांगितलं. “यहाँ सिक्स-एट बोलते हैं. नेक्स्ट!” अहो, त्या पाश्चात्त्य सिक्स-एटच्याही मात्रा सहाच! मी मुकाट्याने बाहेर पडले, याचाच संताप अजून येतो. आता गुणगुणताना खालीला हात मुद्दाम उंच झुलवते, अगदी कॉलेजच्या बसमध्येसुद्धा.