वाकडं लाव गं

"चालू द्या, बोटं चालू द्या," असं म्हणत ती वर्गभर फिरायची, पण स्वतः बसायची म्हणून नाही. डिंडोलीच्या बालवाडीत मी शिकवते, ती मदतनीस होती. पोरं तिला मावशी म्हणत, म्हणून मीही. झाडून झालं की नाकं पुसणार, नाकं झाली की डिंकाच्या वाट्या भरणार. बघूनच मला धाप लागायची. तुमच्याही ओळखीत असेल असं एखादं माणूस, स्वस्थ बसलं तर आजारी पडेल असं.

सणवाराप्रमाणे आम्ही पोरांच्या बोटांना काम द्यायचो. पोळ्याला मातीचे बैल, दिवाळीला कणकेच्या पणत्या, उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, कागदी पतंगावर टिकल्या. पोरं पतंगापेक्षा स्वतःच्या कपाळालाच जास्त लावत.

चार वर्षांच्या एका पोरीने मात्र सगळा पतंग भरला, रांगा अगदी सरळ. एक टिकली लावायची, बोट फ्रॉकला पुसायचं, मग दुसरी. मी हरखलेच. पतंग भिंतीवर लावला, तिच्या आईला बोलावून कौतुक केलं. आई खाली बघून हसली.

मावशीचे हात थांबले होते. थांबलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

आई गेल्यावर मावशी घरच्या बोलीवर आली. "बेन, हाई पोर घरी साडीवर स्टोन लावस. मनी पोर बी आशीच बोट पुसे. तिनी शाळा राहीच गई." तिची स्वतःची लेकही अशीच साड्यांपायी शाळेला मुकली होती.

आमच्या भागात स्टोन लावायला घरोघरी साड्या येतात, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. तरी त्या बोटांना मी शाबासकी दिली. अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून मावशी त्या पोरीच्या शेजारी. "वाकडं लाव गं. मनाला येईल तिथे लाव." पोरीला वाकडं येतच नव्हतं. शेवटी मावशी तिच्या घरी गेली आणि म्हणाली, "पोरीच्या वाट्याची साडी मला द्या. मजुरी तुमचीच."

मी चिडले. "तुमचे डोळे आधीच अधू. गावभरच्या साड्या तुम्ही करणार?"

"गावभरच्या कुठे? एकीच्या," म्हणाली आणि बादली उचलून गेली.

होळीला त्या पोरीने कागदावर रंग कुठेही थापला, कोपरापर्यंत माखली. मावशी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. पावसाळ्याआधी मात्र मावशीला समोरची डिंकाची वाटीही दिसेना. लेक येऊन तिला धुळ्याला घेऊन गेली. रिक्षात बसली, तरी बोटं पदराचं टोक वळतच होती.

काल राख्यांसाठी पुन्हा टिकल्या काढल्या. त्या पोरीने एक लावली, बोट फ्रॉकला पुसलं, दुसरी तिच्या शेजारी लावली. अगदी सरळ.

माझं वर्गात लक्ष लागेना. सुटल्यावर तिचा हात धरून थेट तिच्या घरी गेले. आईने दार उघडलं.

"साडी द्या इकडे," मी म्हटलं. ते काम मला येत नाही, पण ते पुढचं पुढे.