मामाजींच्या खोट्या मरणाची खबर

आता सांगूनच टाकतो. नाहीतरी अर्ध्या गोंदियाला माहीत झालंय, तुम्हीच का मागे राहता? फक्त एक अट. हसायचं तेवढं इथंच हसून घ्या, माझ्या घरी आल्यावर बायकोसमोर हा विषय काढायचा नाही.

मघाशी तुमचं चाललं होतं ना, सगळ्यात नकोसं काम कोणतं? कोणी म्हणालं, मे महिन्यात राईस मिलमध्ये कोंड्याची पोती वाहणं. कोणी म्हणालं, धानाच्या रोवणीत दिवसभर चिखलात वाकून राहणं. एकजण तर पोस्टमार्टमच्या खोलीपर्यंत जाऊन आला. मी आपला गप्प चहा पीत होतो. अहो, ही सगळी कामं हातापायांनी करायची. माझ्या वाट्याला आलेलं काम तोंडानं करायचं होतं. मरणाची खबर पोचवायची. तीही खोटी.

धान निघून घरी आला होता, थंडी पडली होती. आम्ही दोघं माझ्या सासुरवाडीला, तिरोड्याजवळच्या गावी गेलो होतो. सासरे, म्हणजे आमच्याकडं ज्यांना मामाजी म्हणतात ते, अंगणात खाटेवर ऊन खात बसले होते. डोक्यावर औषधालाही केस नाही. एक कावळा आला आणि त्या डोक्यावर बसला. नुसता बसला नाही, जागा पसंत पडल्यासारखे पाय हलवून नीट बसला.

घरात रडारडच सुरू झाली. कावळा डोक्यावर बसला की त्या माणसाचं मरण जवळ आलं, असं आमच्याकडचे जुने लोक मानतात. त्यावर उपाय एकच. तो माणूस गेला, अशी खबर त्याच्या जवळच्या माणसाला द्यायची. त्यानं मनापासून रडायचं. एकदा रडून झालं की मरण फसतं, परत येत नाही. मग खरं सांगायचं, दोन शिव्या खायच्या आणि घरी यायचं.

मामाजींना लगेच डोक्यावरून अंघोळ घातली, नवा दुपट्टा पांघरला. आता खबर घेऊन कोण जाणार? चुलतसासऱ्याचा गुडघा दुखायला लागला. शेजाऱ्याची म्हैस आजारी पडली. मी बी.एस्सी. झालेला, कृषी केंद्रात बियाणं विकणारा माणूस. मी सासूबाईंना म्हणालो, "मामी, हे सगळं खोटं असते."

"मंग? खोटंच सांगायचं आहे, जवाईबापू. तुमीच जा."

"फोन करून देतो ना."

"फोनवर मेलेला माणूस खरा नाही वाटत. तोंडानंच सांगा लागते. अन तुमी परतून येतपर्यंत आमी कोणाचाच फोन नाही उचलणार."

खबर द्यायची होती मामाजींच्या थोरल्या बहिणीला. सुमनआत्या. देवरीच्या पुढं, चिचगडच्या अलीकडं, जंगलाच्या काठावर त्यांचं गाव. माझी बायको मंगला पाचवी ते दहावी त्यांच्याकडं राहून शिकली. आईपेक्षा आत्यावर जीव. आणि या आत्याबाईंना बीपी. साधासुधा नाही, एकदा चक्कर येऊन विहिरीच्या काठावर पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना सासूबाईंनी नियम सांगितले. मयतीची खबर नेणारा खाऊन जात नाही, म्हणून उपाशी जायचं. आत्यांचा पदर ओला झाल्याशिवाय खरं सांगायचं नाही. काम फत्ते झालं की संध्याकाळी मटण. मंगला गाडीपर्यंत आली. माझ्या मोबाईलची काच फुटलेली होती, म्हणून तिनं तिचा मोबाईल माझ्या खिशात टाकला आणि हळूच म्हणाली, "आत्याले काही झालं ना, तर तुमचं तोंड नाही पायणार मी."

तिरोडा ते गोंदिया, तिथून आमगाव, तिथून देवरी. गाडीवर मी वाक्यं पाठ करत होतो. "आत्या, मन घट्ट करा." नको, यानंच बीपी वाढेल. "आत्या, मामाजी जरा जास्तच बिमार आहेत." नको, मग रडणार नाहीत. देवरी सुटली आणि जंगल लागलं, तशी मी गाडी हळू केली. एकच विचार. मी खोटं मरण सांगायला जातोय, आणि तिथं खरं घडलं तर? कावळ्याचं कोण ऐकून घेणार? खून माझ्याच नावावर.

आत्याबाई सपरीत, म्हणजे घराच्या पडवीत, सुपानं डाळ पाखडत होत्या. मला पाहून त्यांचं तोंड असं फुललं की माझा जीव अर्धा झाला.

"या, या, जवाईबापू. एकटेच? भाऊ बरा आहे ना? वहिनी? अन आमची मंगला? ती काऊन नाही आली?"

पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. खरंच रडू आलं हो मला, त्या म्हातारीची दया येऊन. मी नुसती मान हलवली आणि रुमाल डोळ्यांना लावला.

सूप पडलं. आत्याबाईंनी छातीवर हात मारून घेतला.

"कोणाची नजर लागली वो माह्या लेकराले... या मांडीवर खेळवलं, या हातानं भरवलं..."

मला वाटलं, समजलं. एक शब्द खोटं न बोलता काम झालं. साठीच्या भावाला त्या लेकरू म्हणत होत्या, पण थोरल्या बहिणीला भाऊ लेकरूच ना? आजूबाजूच्या बायका धावत आल्या, त्यांनीही सूर धरला. कोणीतरी आत्यांना बीपीची गोळी दिली. मी दोनदा जवळ जाऊन त्यांचा श्वास मोजला. व्यवस्थित. रडणं तर इतकं खणखणीत की मामाजींना शंभर वर्षं मरण नाही.

आत्यांचा मुलगा धनराज अंगणात होता. चाळिशीचा, आडव्या अंगाचा, गावचा पोलीस पाटील. मोबाईल कानाला लावून कोणाला तरी खबर देत होता. मी त्याच्या दुसऱ्या कानात पुटपुटलो, "कावळ्याचं आहे. अडवू नका, चांगलं घंटाभर रडू द्या." त्यानं मान हलवली. म्हटलं चला, घरातल्या एका माणसाला तरी खरं माहीत झालं.

तो मोबाईलवरच्या माणसाला मान हलवत होता, हे मला कसं कळणार?

आता मयतीच्या घरात चूल पेटत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या पोटात मात्र आदल्या रात्रीपासून काही नव्हतं, आणि डोक्यावरचं ओझं उतरलं की भूक दुप्पट लागते. बायकांच्या रडण्यात माझं काय काम? मी हळूच उठलो आणि वळणावरच्या हॉटेलात गेलो. हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि एक कढई. पण तर्री-पोहे काय सांगू तुम्हाला. पोह्यांवर हरभऱ्याच्या रश्श्याची लालभडक तर्री, वरून बारीक चिरलेला कांदा. पहिली प्लेट कधी संपली कळलं नाही. दुसरी मागवली.

हॉटेलवाला म्हणाला, "नवीन दिसून राहिले. कायच्या कामानं आले?"

"लय बेकार काम होतं भाऊ. पण झालं एकदाचं. आता मोकळा झालो. संध्याकाळी घरी मटण आहे. थोडी तर्री टाका अजून."

मागं कोणीतरी उभं होतं. धनराज. आणि त्याच्या मागं गावातली सात-आठ माणसं. धनराज माझ्या प्लेटकडं पाहत होता.

"हे कधी झालं, जवाईबापू?" त्यानं एकदम सावकाश विचारलं.

मला वाटलं, कावळ्याचं विचारतोय. म्हणालो, "काल सकाळी. अंगणात."

"कोण कोण होतं?"

"सगळेच होतो. मी होतो, मामी होत्या."

"दवाखान्यात नेलं?"

"दवाखान्यात कायले? अंघोळ घातली, नवा दुपट्टा पांघरला, झालं."

माणसांत कुजबुज झाली. धनराज बाकड्यावर माझ्या शेजारी बसला. फार जवळ बसला.

"अन आमाले एक फोन नाही केला?"

"मामींनीच सांगितलं, फोन करू नका म्हणून. आज मुद्दाम उचलूनही नाही राहिले कोणी."

"ते पायलं मी. मामाले दहा वेळा लावला." त्यानं माझी कॉलर धरली. धरली म्हणजे आवळली नाही, पण सोडणार नाही अशी धरली. "तुमी शिकलेले माणूस. खरं खरं सांगा. मंगलाले काय केलं तुमी?"

मी पोह्याची प्लेट खाली ठेवली.

मंगला? मग एकेक गोष्ट उलटी फिरून माझ्यासमोर उभी राहिली. आत्यांचा शेवटचा प्रश्न, माझी हललेली मान, ते लेकरू, आणि मी आत्ता दिलेली सगळी उत्तरं. अंघोळ. दुपट्टा. मोकळा झालो. मटण.

"मंगलाले काही नाही झालं," मी ओरडलो. "ती घरी आहे. कावळा बसला होता, मामाजीच्या डोक्यावर..."

"आता कावळा आला," मागून एकजण म्हणाला.

"फोन लावून पाहा तिले," मी म्हणालो. बोललो आणि जीभ चावली. धनराजनं एका हातानं माझी कॉलर धरून दुसऱ्या हातानं नंबर लावला. आणि माझ्याच खिशात घंटी वाजायला लागली.

काय वाटलं असेल सांगा मला. हॉटेलवाल्यानं कढईतला झारा बाहेर काढून हातात धरला. मी मोबाईल काढला. "माझा फुटला म्हणून तिनं दिला" असं सांगितलं, पण ते माझं मलाच पटेना. म्हटलं आता एकच आधार, सासूबाई. या नंबरवरून केला तर त्या नक्की उचलणार. धनराज म्हणाला, "स्पीकर लावा." लावला.

मी तोंड उघडायच्या आधी सासूबाईंचा आवाज सगळ्या हॉटेलात घुमला.

"झालं का काम, जवाईबापू? रडल्या का चांगल्या? कोणाले समजलं तर नाही ना?"

धनराजनं आता कॉलर आवळली.

"मामी," मी म्हणालो, "देवाची शपथ आहे, मंगलाले फोन द्या."

"मंगला अंघोळीले गेली. तुमी कायले रडून राहिले? रडायचं तर त्याइले होतं." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

मित्रांनो, बायकांना अंघोळीला किती वेळ लागतो हे मी लग्नानंतर कधी मोजलं नव्हतं. त्या दिवशी मोजलं. सतरा मिनिटं. धनराजनं ठाण्यात फोन लावायला नंबर काढून ठेवला होता, अंगठा त्याच्यावरच. तेवढ्यात दोन बायकांच्या आधारानं आत्याबाई तिथं आल्या. केस सुटलेले, पदर चिंब. माझ्यासमोर येऊन हात जोडून म्हणाल्या, "एकदा तोंड तरी पाहू द्याचं होतं, जवाईबापू." मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही म्हातारी इथंच कोसळली तर मी खरंच खुनी. मी त्यांचे पाय धरले. ते बघून लोकांची उरलीसुरली शंकाही गेली.

फोन वाजला. मंगला.

"काऊन वो, आत्या बरी आहे ना? खरं सांगितलं का तिले?"

आत्याबाई बाकड्यावर मटकन बसल्या. मी पाण्यासाठी धावणार तेवढ्यात त्या उठल्या. जावयावर हात उचलायची रीत नाही आमच्याकडं. आत्याबाईंनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की बीपीच्या माणसात इतकी ताकद असते यावर माझा विश्वास बसेना. मग फोन छातीशी धरून पुन्हा रडल्या. या वेळी हसत. धनराजनं माझी कॉलर सोडली, नीट केली आणि एक सुरकुती हातानं झटकली.

कावळा, अंघोळ, दुपट्टा, सगळं सांगून झालं. लोक हसायला लागले. मी म्हटलं, सुटलो. तेवढ्यात फोनमध्ये सासूबाई आल्या.

"मंग माह्या मालकासाठी कोण रडलं?"

कोणीच नाही. एवढं गाव रडलं ते सगळं मंगलाच्या खात्यात. आणि आता मामाजी जिवंत आहेत हे सगळ्यांना माहीत. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"बसा," धनराज म्हणाला. "तुमीच रडा."

मी जरा हुंदका काढला. आत्याबाई म्हणाल्या, "असं नाही. भावाले पुरलं पायजे." मग मी डोळे मिटले. ती घंटी, ती कॉलर, ती सतरा मिनिटं आठवली, आणि मित्रांनो, खरं रडू फुटलं. ओक्साबोक्शी. हॉटेलवाल्यानं झारा ठेवून पाणी आणून दिलं.

फोनमधून मंगलाचा आवाज आला. "आत्या, कोण रडून राहिलं एवढं?"

"तुया नवरा. तुया बाबासाठी."

"बाप्पा." मंगलाचा आवाज एकदम मऊ झाला. "अन मी गेली समजून तुमी सगळे रडले, तवा हे किती रडले?"

मी आत्यांना हातानं खुणा केल्या. पण आत्याबाई फार सरळ स्वभावाच्या. त्यांनी बाकड्यावर पाहिलं, मग हॉटेलवाल्याकडं पाहिलं. हॉटेलवाल्यानं दोन बोटं वर केली.

"तवा? तवा त्यायनं दोन प्लेट तर्री-पोहे खाल्ले, माय. वरून तर्री मांगत होते."

मी दोनदा हॅलो म्हणालो. मग लाईन कट झाली.

मी डोळे पुसले, मोबाईल खिशात टाकला आणि धनराजला विचारलं, "भाऊ, दोन-चार दिवस मुक्काम इथंच केला तर चालन का?"