बॅटरीवरचा शिंगांचा रंग

आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्यात घालतात ते सेल. पिंपळीच्या घरी अशी एक बॅटरी होती, आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. तीन सेलची, अ‍ॅल्युमिनियमची. पण ती अ‍ॅल्युमिनियमची आहे असं सांगितलं असतं तर कुणाला पटलं नसतं, कारण तिच्यावर रंगाचे थरावर थर होते. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून झाली की ब्रशावर उरलेला रंग आबा बॅटरीला फासायचे. आसपासच्या सगळ्यांकडे तसल्याच बॅटऱ्या; रानात पाण्याच्या पाटावर दोघांनी शेजारी ठेवल्या की अदलाबदल व्हायची. आपली ओळखू यावी म्हणून हा रंग. पुढं बैल विकले, नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर यायला लागला, तरी आबा मातीच्या बैलांची शिंगं रंगवत आणि उरलेला रंग नेमानं बॅटरीवर चढवत. शेवटी ती इतकी जाड झाली होती की आईच्या मुठीत मावत नव्हती.

या बॅटरीचा उजेड पडत नाही, अशी आबांची तक्रार सुरू झाली. नवे सेल घातले तरी तेच. मी इंदापुरात खोली घेऊन राहतो आणि लोणी देवकरच्या एका कारखान्यात धातूला पॉलिश करायच्या कामाला जातो. सुट्टीला पिंपळीला आलो की चहाच्या आधी बॅटरीचं गाऱ्हाणं ऐकायला मिळायचं. मी ऐकून घ्यायचो आणि मनातल्या मनात चिडायचो, कारण बॅटरीचा काही दोष नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बारामतीच्या डॉक्टरांनी आबांचे डोळे तपासून स्पष्ट सांगितलं होतं, की हा काचबिंदू आहे. कडेची नजर मिटत चालली आहे, गेली ती परत येणार नाही, उरली आहे ती थेंबांवर टिकवायची. आणि अंधारात एकट्यानं रानात जायचं नाही. आबा बाहेर आले आणि म्हणाले, "त्याला अजून मिसरूड फुटलं न्हाय, त्यो मला सांगतोय."

थेंब ते घालायचे, पण रानात जायचं थांबले नाहीत. उसाला पाणी द्यायचं म्हणजे दारं धरायची. पाटातलं पाणी सरीत सोडायला खोऱ्यानं एक दार फोडायचं, सरी भिजली की माती ओढून ते बुजवायचं, मग पुढचं फोडायचं. मोटरीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा अंधाराची. आबांनी जन्मभर दोन्ही पाळ्या केल्या. आमच्या पाटाच्या कडेला विहीर आहे आणि तिला कठडा नाही. इंदापुरात जेवताना माझा घास हातात राहायचा तो या विहिरीपायी.

शेवटी एका रविवारी माझा तोल गेला. "आबा, बॅटरीला काय धाड भरलीय? तुमी डोळ्यांचं बोला," मी म्हणालो. आईनं चुलीपासून वळून बघितलं. आबा मात्र शांत होते. म्हणाले, "आधी ही नीट कर. दिवसभर कारखान्यात ह्येच घासत बसतोस ना? मंग घरची घास की. खंडेनवमीला पूजेत मांडायची हाय. नीट झाली आन तरीबी मला दिसलं न्हाय, तर मी खोरं खाली ठिवीन. शब्द हाय माझा."

आबांचा शब्द म्हणजे शब्द. सोसायटीच्या निवडणुकीत एकदा दिला होता, त्यापायी सख्ख्या मेव्हण्याशी बोलणं तुटलं तरी फिरवला नाही. त्यामुळं त्या दिवशी बॅटरी हातात घेतली तेव्हाच मला कळलं, की मी काय हातात घेतलंय. ती नीट करायची म्हणजे त्यांच्याकडची शेवटची सबब काढून घ्यायची. खरं सांगतो, ती नीट व्हावी असंही वाटत होतं आणि होऊ नये असंही.

दसऱ्याच्या तोंडावर रजा टाकून गावी आलो आणि अंगणात पोतं अंथरून बसलो. आईनं लगेच उकळतं पाणी आणि धुण्याचा सोडा आणून ठेवला. तिला वाटलं, तेलकट डबा धुतात तसं हे काम. मी म्हटलं, "आई, सोड्यात अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं, ने ते." ती म्हणाली, "कर बाबा, तू शिकलेला," आणि भांडं उचलून गेली. मी चिंधी थिनरमध्ये भिजवून बॅटरीला गुंडाळली आणि वाट पाहत बसलो. रंग फुगला तसा बांबूच्या कामटीनं खरवडायला लागलो. लोखंडाची पट्टी लावली तर चरे पडतात.

वरचा गुलाबी निघाला, त्याखाली निळा, मग हिरवा, मग हिंगुळासारखा लाल. एकेक पोळा निघत होता. हिरव्या रंगाच्या वर्षी आमचा मोठा खोंड गाडीत चढवून नेला होता, ते मला स्वच्छ आठवलं. त्या दिवशी आबा जेवले नव्हते आणि संध्याकाळी बॅटरी घेऊन रानात गेले होते. हे सगळं कामटीच्या टोकाला पोतेऱ्यासारखं जमत होतं आणि मी ते पोत्याला पुसत होतो.

मग मागचं झाकण उघडलं. ते सहज फिरेना, दोन्ही हातांनी पिळावं लागलं. आटे बघितले आणि मी जागीच थांबलो. आट्यांत रंग साचून दगड झाला होता. अशा बॅटरीत वीज नळीच्या अंगातूनच फिरते. झाकणाच्या धातूला नळीचा धातू भिडला तरच दिवा नीट पेटतो. मधे रंग असेल तर उजेड मंदच पडणार. वर्षानुवर्षं शिंगांचा रंग आत झिरपत गेला होता आणि बॅटरी खरोखरच मंद जळत होती.

म्हणजे आबांचं खरं होतं! मी एवढा मोठा माणूस, पण उठून लहान पोरासारखा ओसरीवर पळत गेलो. "आबा, बॅटरीतच दोष होता. आट्यांत रंग बसलाय."

"मंग? म्या काय म्हनत हुतो?" आबा उठून बसले. "तुमी समदी मला आंधळा करून बसला." त्या दुपारी त्यांनी एक भाकरी जास्त खाल्ली. आईला दोनदा म्हणाले, "ऐकलंस का गं, बॅटरीचाच दोष हुता." आईनं ऐकलं आणि ताटं उचलून नेली. मला तिचा रागच आला. माणूस इतका खूश आहे तर जरा हसायला काय जातं, असं वाटलं.

आता माझ्या हाताला जोर आला. सुईनं आटे कोरून काढले. पाण्यात भिजवून पॉलिश पेपर फिरवला, आधी खरबरीत, मग बारीक, मग अगदी बोटाला मऊ लागेल असा. कारखान्यात मशिनचं चाक फिरतं आणि आपण फक्त वस्तू धरतो. इथं हातच चाक. शेवटी आबांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यावर पॉलिश घेऊन घासत राहिलो. अ‍ॅल्युमिनियम घासलं की काळं निघतं. कापड काळं होतं, बोटं काळी होतात, नखं आठवडाभर तशीच राहतात, आणि धातू मात्र उजळत जातो. आतल्या चकचकीत वाटीला हात लावला नाही, ओल्या कापसानं नुसती टिपून घेतली. बारामतीहून नवा बल्ब आणि सेल आणले. बटण सरकवलं तेव्हा भर दुपारी गोठ्याच्या भिंतीवर उजेडाचं गोल ताट उमटलं. मी देवाला हात जोडले. मी फारसा देवभक्त नाही, पण जोडले.

खंडेनवमीला आमच्या घरी सगळी हत्यारं धुऊन मांडतात. खोरं, विळा, कोयता, मोटरीचे पाने, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. त्या दिवशी कुणी हत्यार चालवत नाही. आबांनी स्वतः बॅटरी मधोमध ठेवली. ठेवण्याआधी तिच्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवला. म्हणाले, "लई गुळगुळीत झाली रं. माझी वाटंना." मी म्हटलं, "पुढच्या पोळ्याला रंगवा. फक्त आट्यांत जाऊ देऊ नका." ते हसले.

दुसऱ्या दिवशी दसरा. त्या आठवड्यात लाइट संध्याकाळची होती. सोनं वाटून झालं, दिवस मावळला, मोटर सुरू झाली. आबांनी पूजेतलं खोरं खांद्यावर घेतलं, बॅटरी हातात घेतली आणि आम्ही उसाच्या कडेला आलो. आईही मागोमाग आली.

आबांनी बटण सरकवलं. उजेड सरळ गेला, विहिरीवरून पलीकडच्या बांधावर जाऊन पडला. मला उसाचं पान न् पान दिसत होतं. आबांनी बॅटरी डावीकडं फिरवली, मग उजवीकडं. मग स्वतःच्या तळहातावर धरली, पुन्हा समोर धरली. मला त्यांच्याकडं बघवेना.

"पडलाय का उजेड?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला काही लागलं नसतं. पण समोर पाट होता, त्यात पाणी आलं होतं, आणि कडेला ती बिनकठड्याची विहीर होती. मी म्हणालो, "पडलाय, आबा. पार बांधापतोर."

"व्हय," ते म्हणाले. खोरं खांद्यावरून उतरवलं आणि जमिनीवर ठेवलं. टाकलं नाही, वाकून नीट ठेवलं. झाकण उघडल्यापासून मीच त्यांना आशेवर चढवलं होतं आणि मीच आता खाली उतरवलं होतं.

आई पुढं झाली आणि तिनं ते खोरं उचललं. आबा आवाजाच्या रोखानं वळले.

"वर्सभर तू मागनं येतीस, ते मला म्हाईत हाय," ते तिला म्हणाले. "अंधारात, बिनबॅटरीची. मी चुकवलेली दारं बुजवत."

मी आईकडं बघितलं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "तुमास्नी कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला लागतंय? सकाळी पायानं चाचपतो मी. माझी माती दाबून बसती, तुझी वरवर. निम्मी दारं तुझी असायची." मग म्हणाले, "बोललो असतो तर तुला यायला नगं म्हनावं लागलं असतं. आन तू आली नसतीस तर मला घरात बसावं लागलं असतं."

त्यांनी बॅटरी तिच्यापुढं धरली. ती पेटलेलीच होती. "धर. आता म्होरं तू चाल. मी मागनं येतो."

आईनं पदर खोचला, खोरं काखेत मारलं आणि डाव्या हातानं बॅटरी घेतली. चारचौघांत सोडाच, घरातही त्या दोघांनी एकमेकांचा हात धरलेला मी कधी पाहिला नव्हता. तिनं उजवा हात मागं केला. आबांना तो दिसला नाही, तेव्हा तिनंच चाचपून त्यांचा हात धरला आणि दोघं पाटाच्या कडेनं निघाले.